किटलीतलं पांढरं

आई आमच्याकडे आली ती माझ्या बाळंतपणासाठी, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिचं पहिलं भांडण झालं ते किटलीशी. चहा करायला म्हणून तिने झाकण उघडलं, आत डोकावली आणि किटली तशीच माझ्या नाकासमोर आणून धरली. तळाला आणि कडेने पांढरा थर बसला होता.

"हे पितेस तू? पोटात बाळ असताना?"

"अगं, चुना आहे तो. इथलं पाणी जड आहे. व्हिनेगर टाकलं की निघतो."

"किटलीतला निघतो गो. पोटातला कशाने काढायचा?"

मी हसले. पाय सुजलेले, पाठ धरलेली, नऊ महिने भरत आलेले. किटलीवरून वाद घालायची ताकद कुणाला होती? इथे सगळ्यांच्या किटलीत तो थर असतो. आमच्या ऑफिसात तर कॉफीच्या मशीनवर लाल दिवा लागतो, चुना काढा म्हणून. मी आईला म्हटलं, जर्मनीत नळाचं पाणी बाटलीपेक्षा जास्त तपासतात, बिनघोर पी. आई "हो का" म्हणाली. आमच्या आईचं "हो का" म्हणजे "तुला काय कळतंय", हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी मी तिकडे कानाडोळा केला.

आम्ही दोघं नोकरीला हॅनोव्हरला, पण राहतो त्याच्या पूर्वेला, लोकल गाडीने पाऊण तासावरच्या एका लहान गावात. शहरात दोन खोल्यांना जे भाडं पडतं त्यात इथे तीन खोल्या आणि बाल्कनी मिळते. गावाच्या टोकाला एक टेकडी आहे. टेकडी आपली म्हणायची. गावकरी तिला हाल्डे म्हणतात, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मालाचा ढीग. युद्धाच्या काळात इथे जमिनीतून पाटीसारखा काळा दगड काढायचे, भट्टीत भाजून त्याचं तेल करायचे आणि उरलेला चोथा तिथेच ओतायचे. आता त्यावर बर्चची झाडं आलीत. लोक कुत्री फिरवायला जातात, बर्फ पडला की पोरं घसरगाडी घेऊन जातात. इथे राहायला आलो तेव्हा मीही नवऱ्याला म्हटलं होतं, किती छान, घराजवळ टेकडी आहे.

या हाल्डेच्या पायथ्याशी बागेचे छोटे छोटे तुकडे भाड्याने मिळतात. दोन वर्षं वाट बघून आम्हाला एक मिळाला होता. मी त्यात मेथी, कोथिंबीर, चवळी लावली होती आणि एका कोपऱ्यात हौसेने अळू. पाण्याला बोअरवेल आणि तिच्यावर जुना हातपंप, आपल्याकडे असतो तसाच. पंपावर पत्र्याची पाटी होती, पिण्याचं पाणी नाही अशी. पण ती पाटी जर्मन लोक कुठे लावत नाहीत? स्मशानातल्या नळावर लावतात, आगगाडीतल्या बेसिनवर लावतात, चौकातल्या कारंज्यावर लावतात. अशा पाट्या वाचून वाचून माणूस त्या वाचायचा बंद होतो. आणि आईला तर जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं.

आई चिपळूणची. तिला बाग बघून जे भरतं आलं ते मला बघूनही आलं नव्हतं, असं मी नवऱ्याला चिडून म्हटलं होतं. रोज सकाळी ती चाकांची पिशवी ओढत निघायची. फाटकापाशी रेल्वे जायची वाट बघायची, मग रूळ ओलांडून बागेत. शेजारच्या बागेतल्या म्हाताऱ्या जर्मन आजोबांशी तिची गट्टीच जमली. त्यांना मराठी येत नव्हतं, हिला जर्मन येत नव्हतं, आणि तरी रोज यांच्या गप्पा. त्यांनी मुळे द्यायचे, हिने मेथीची जुडी द्यायची.

बाळ जून महिन्यात झालं. मुलगी. आईने तिला बघितलं आणि म्हणाली, "नाक तुझं आलंय, रागही येईल." आली ती खरंच रागावून, पहिला आठवडा आम्हाला कुणाला झोपू दिलं नाही.

आता बाळंतिणीच्या घरात काय काय चालतं ते मराठी माणसाला सांगायला नको. आईने येताना बॅगेत ओवा, बाळंतशेपा, डिंक, अळीव, सुकट, तांब्याची कळशी आणि सहाण आणली होती. सहाण! दगड आणला होता बाईने विमानातून. पहिल्याच दिवशी तिने तव्यावर निखारा करून ओव्याची धुरी दिली आणि छतावरचा धुराचा अलार्म असा बोंबलला की वरच्या मजल्यावरचे लोक जिना उतरून आले. मी ओरडले. दुसऱ्या दिवशी काजळावरून ओरडले. तिसऱ्या दिवशी गुटीवरून.

गुटीवरून जरा जास्तच. इथे बाळंतपणानंतर हेबामे घरी येते, म्हणजे सरकारमान्य सुईणच म्हणा. बाळाला झोळीत घालून वजन करते, आईची विचारपूस करते. तिने बजावलं होतं, सहा महिने दुधाशिवाय काहीही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आणि ती जायच्या आत आईने वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, बाळहिरडा ओळीने मांडून ठेवलेले.

"आई, हे चालायचं नाही. तिने काय सांगितलं ऐकलंस ना?"

"तुला दिली नव्हती? मेलीस का?"

"मला काय काय दिलंस ते मला नको सांगू. माझ्या मुलीला द्यायचं नाही. समजलं?"

"अगो, ओरडतेस काय? बाळ दचकतंय. नाही देत."

मी ओरडते, हे खरं आहे. माझा नवरा म्हणतो, तुझा आवाज ऐकून शेजारच्यांना मराठी यायला लागेल. पण आमच्या घराण्यातच ते आहे. आई स्वतः काय कमी होती का? फक्त इथे आल्यावर ती गप्प व्हायला शिकली. मी एखाद्या गोष्टीवरून ओरडले की ती वाद घालायची नाही, ती गोष्ट माझ्या नजरेआड करायची. तेव्हा मला वाटलं, चला, म्हातारपणी का होईना, शहाणी झाली.

बाकी तिने माझी सेवा केली त्याला तोड नाही. सकाळी तुपातला शिरा, दुपारी बाजरीची भाकरी आणि मेथी, आणि दिवसभर पिण्यासाठी ओवा-शेपा घालून उकळलेलं कोमट पाणी. ते पाणी मला फार आवडायचं. थोडासा वेगळा वास यायचा, पण मी म्हटलं, ओव्याचा असेल. "आई, तुझ्या हातचं पाणीसुद्धा गोड लागतं गं," असं मी तिला लाडाने म्हणायचे आणि ती खुलायची. मी तांबेच्या तांबे रिचवत होते. दूध वाढतं म्हणून.

एकाच गोष्टीचा मला राग यायचा. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्या की आपण आधी भरलेले पैसे परत मिळतात, आणि त्या बाटल्या आई परत द्यायला काढतच नव्हती. ओट्याखाली धुऊन, पुसून रांगेने लावून ठेवायची. "काय संग्रहालय करायचंय का?" मी विचारलं. "राहू दे, लागतात," म्हणाली. मी पुढे विचारलं नाही.

बाळ महिना-सव्वा महिन्याचं झालं तेव्हा मी पहिल्यांदा एकटी बाबागाडी ढकलत बागेपर्यंत गेले. आई घरी भाकऱ्या करत होती. ऊन छान होतं. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून बाळाला बघितलं, "ना, ना, किती गोड," वगैरे झालं. तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या पंपाकडे गेलं. त्याच्या दांड्याला साखळी घालून कुलूप लावलं होतं.

मी विचारलं, चोरी वगैरे झाली का?

ते म्हणाले, चोरी नाही. सरकारी आरोग्य खात्याचे लोक आले होते. हाल्डेच्या बाजूच्या बोअरवेलींचं पाणी तपासतायत. माझ्या पाण्यात आर्सेनिक सापडलं, आणि फिनॉल. त्या भाजलेल्या दगडातून पावसाचं पाणी झिरपतं ना, ते खाली येतं. आता म्हणे सॅलडलासुद्धा घालू नका. तुमच्या बागेत दोनदा येऊन गेले, पण कुणी भेटलं नाही.

मी म्हटलं, बरं झालं सांगितलंत, आम्ही नुसतं झाडांनाच घालतो.

आजोबा म्हणाले, "पण तुमच्या आई तर रोज बाटल्या भरून नेतात. मला वाटलं, बाल्कनीतल्या फुलांना."

आमच्या बाल्कनीत एकही फूल नाही.

मी तिथून घरी कशी आले ते मला नीट आठवत नाही. फाटक बंद होतं, मालगाडी चालली होती, संपतच नव्हती. मी बाबागाडीचा दांडा धरून उभी, आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, ती ओट्याखालची बाटल्यांची रांग. मी त्या पाण्याचे तांबे प्याले होते आणि माझं दूध ही पोर पीत होती. पण त्याच्याही मागे आणखी एक होतं. सहाण.

आई तव्यासमोर होती. मी बाळाला आत ठेवलं, दार लावलं आणि म्हटलं, "गॅस बंद कर."

"काय झालं गो? पडली का?"

"तू बागेतलं पाणी आणतेस? पिण्याचं?"

तिने लपवलंसुद्धा नाही. तिचा चेहरा उलट उजळला, जणू केव्हापासून सांगायचं होतं. "तुला कळलं का? अगो, काय पाणी आहे ते! पातेल्यात उकळते, एक पांढरा डाग नाही खाली. आणि वास बघितलास? गंधकाचा. आपल्या उन्हवऱ्याच्या कुंडाचा येतो ना, तसा. बाळंतिणीला औषध आहे ते. तुझ्या नळाच्या चुन्यापेक्षा हजारपट चांगलं."

उन्हवरे म्हणजे आमच्या दापोलीकडची गरम पाण्याची कुंडं. आजोळची सगळी माणसं तिथे खरूज-नायटा घालवायला जायची. आईला या परक्या गावात एक ओळखीचा वास आला होता आणि तिने तो देवाचा प्रसाद समजून घरी आणला होता.

"आई, ते विष आहे."

"काहीतरीच काय? मी उकळून, फडक्याने गाळून देते."

"उकळून जंतू मरतात, आर्सेनिक मरत नाही! उकळून आटवलंस तर जास्तच उरतं! नळाला चांगलं पाणी येतंय घरात आणि तू रूळ ओलांडून विष आणायला जातेस? काखेत कळसा आणि गावाला वळसा! कुणाला विचारलंस का?"

"कुणाला विचारू? विचारलं की तू ओरडतेस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते खरं होतं म्हणून जास्तच गेली. मी जवळ जाऊन तिचा दंड धरला. "एकच सांग. बाळाला दिलंस? गुटी उगाळलीस त्यात?"

"नाही."

"माझ्याकडे बघून सांग."

"नाही म्हटलं ना! तू नको म्हणालीस ना, मग नाही दिली."

आणि ती वळून भाकरीचं पीठ झाकायला लागली. मी सहाण शोधली. ती पिठाच्या डब्यामागे, फडक्यात गुंडाळलेली सापडली. फडकं ओलसर होतं. मी ते हातात धरून उभी राहिले, आणि आई म्हणाली, "धुऊन ठेवली होती." माझा तिच्यावर विश्वास नव्हता. स्वतःच्या आईवर, माझ्याच बाळाच्या बाबतीत. याहून वाईट काही मला आजवर वाटलेलं नाही.

नवरा ऑफिसातून धावत आला. त्याने आधी आरोग्य खात्यात फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे विचारत होती, किती जण प्यायले, किती दिवस, लहान मूल आहे का. लहान मूल म्हटल्यावर तिचा आवाज बदलला. म्हणाली, तुमच्या पंपाचं पाणी बाटलीत भरून आणून द्या आणि बाळाच्या डॉक्टरकडे आत्ताच्या आत्ता जा.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला रांगेत न बसवता आत घेतलं. बाळाला उघडं करून तपासलं, पोट दाबलं, डोळे बघितले, वजन केलं. बाळ मजेत होतं. तिला वाटलं आंघोळ आहे. मग त्या आमच्याकडे वळल्या. मी सगळं सांगितलं, पाणी, दूध, दिवस. त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, "बाळाने स्वतः ते पाणी घेतलंय का? थेट? हे महत्त्वाचं आहे."

मी आईकडे वळले. ती खुर्चीच्या काठावर बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"आई, त्या विचारतायत. बाळाला पाणी दिलंस का? इथे खोटं चालणार नाही. त्यांना काय तपासायचं ते त्यावर ठरणार आहे."

नवरा म्हणाला, "आई, तुम्हाला कुणी काही बोलणार नाही. फक्त सांगा."

आईने बाळाकडे बघितलं. मग माझ्याकडे नाही, थेट त्या डॉक्टरीणबाईंकडे बघून मराठीत म्हणाली, "दिली. गुटी दिली. पोट दुखून रडत होती, बघवेना. सांग त्यांना, आजीने दिली. आईला माहीत नव्हतं."

ते वाक्य मला जर्मनमध्ये सांगायचं होतं. मी तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. शेवटी नवऱ्याने सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच मला सोसलं नाही. त्यांनी नुसतं विचारलं, किती? आईने करंगळीच्या नखाचं टोक दाखवलं. किती वेळा? "आंघोळ झाली की. रोज नाही."

मग त्यांनी नीट समजावलं. लघवी तपासायची, तिघींचीही. दुधातून आर्सेनिक फारसं जात नाही, दूध पाजायला हरकत नाही, पण तुमच्या मनाला पटत नसेल तर निकाल येईपर्यंत डब्याचं दूध द्या. आणि आजींनी अलीकडे मासे खाल्लेत का? माशांतही एक प्रकारचं आर्सेनिक असतं, निरुपद्रवी, पण तपासणीत गोंधळ होतो.

मी आईला विचारलं. इतका वेळ मान खाली घातलेली आई एकदम ताठ झाली. "मासे खाल्लेत का म्हणजे? चिपळूणची आहे मी." तिने आणलेली सुकट रोज खाल्ली होती. डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या प्रयोगशाळेला कळवते, ते वेगवेगळं मोजतात. त्या खोलीत तेवढंच एक हसणं झालं.

पुढचे दिवस आमच्या घरात नुसती भांडी वाजत होती. डॉक्टरीणबाईंनी हरकत नाही म्हटलं होतं तरी माझ्याने पाजवेना. बाळ रडायचं, माझं दूध भरून यायचं, छाती दगड व्हायची. मी दुधाचा पंप लावून काढायचे आणि बेसिनमध्ये ओतायचे. पांढरी धार जाळीतून खाली जायची आणि मला वाटायचं, ही माझ्या पोरीची आहे. आई दारात येऊन उभी राहायची, परत जायची. मी तिच्याशी बोलत नव्हते. लागेल तेवढंच, मीठ कुठे आहे, दार लावलंस का.

डब्याच्या दुधाला पाणी लागतं, आणि ते नळाचं. उकळायचं त्याच किटलीत. पहिल्या दिवशी बाटली मी केली. दुसऱ्या दिवशी मी पंप लावून बसले होते, बाळ किंचाळत होतं, नवरा कामावर. आईने उठून किटली लावली. मी आतून बघत होते. तिने पाणी गार व्हायची वाट बघितली, झाकण उघडून आतल्या पांढऱ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग मापाने पाणी ओतलं, पावडर घातली, मनगटावर थेंब टाकून बघितला आणि बाळाला मांडीवर घेतलं. बाळ घटाघटा प्यायलं. आईचे ओठ हलत होते. रामरक्षा म्हणत असावी.

नवऱ्याने तिला मग कागदावर चित्र काढून समजावलं. तो मेकॅनिकल इंजिनियर, चित्राशिवाय त्याला बोलता येत नाही. त्याने हाल्डे काढली, पाऊस काढला, खाली आमची बोअरवेल काढली. "आई, नळाच्या पाण्यातला चुना आपल्या हाडातही असतो. तो दिसतो म्हणून भीती वाटते. आणि हे जे आहे ते दिसत नाही, उकळून खाली बसत नाही, चव बदलत नाही." आईने चित्रातल्या बोअरवेलवर बोट ठेवलं. म्हणाली, "मग माणसाने ओळखायचं कसं हो जावईबापू?" तो म्हणाला, "पाटीवर लिहिलं होतं." आई म्हणाली, "हो. तुमच्या भाषेत."

त्यावर मी स्वयंपाकघरातून ओरडणार होते. ओरडले नाही. पाटी तर मलाही वाचता येत होती.

निकालाचा फोन सकाळी आला, मी बाळाचं लंगोट बदलत होते. डॉक्टरीणबाई स्वतः बोलत होत्या. बाळाचं नॉर्मल. त्या पुढे काही सांगत होत्या, मला ऐकू येईना, मी "नोख माल, बिटं," म्हणजे पुन्हा सांगा, असं जर्मनमध्ये तीनतीनदा म्हणत होते. बाळाचं नॉर्मल. माझं थोडं वाढलेलं, पाणी बंद केलंय तेव्हा उतरेल, निर्धास्त पाजा. मी बाळाला उचलून छातीशी धरलं, ते अर्धवट लंगोटातच.

"आणि तुमच्या आई," त्या म्हणाल्या, "त्यांचं बरंच जास्त आहे. माशांचं वेगळं काढून सांगतेय. त्या तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त प्यायल्यात. त्यांना मोठ्या माणसांच्या डॉक्टरकडे पाठवा, आणि घरी गेल्यावरही तपासत राहा."

आई दारात उभी होती. मला बघून तिला बाळाचं कळलंच होतं. ती डोळे पुसत होती. मी फोन ठेवला.

"आई, तुझं सगळ्यात जास्त का आहे?"

"असेल. मला काय होतंय?"

"नाही, सांग. आपण दोघी तेच पाणी पीत होतो. मी तर तांबेच्या तांबे प्याले. तुझं इतकं जास्त का?"

ती जरा चाचरली. मग म्हणाली, "तुला द्यायच्या आधी मी प्यायले ना. आल्यापासून. तुझं बाळंतपण व्हायच्या आधीपासून मी तेच पीत होते, दुसरं काही नाही. परकं पाणी. बाळंतिणीला एकदम कसं द्यायचं? म्हटलं, आधी आपल्याला सोसतंय का बघू. मला काही झालं नाही, पोट साफ, भूक चांगली. मग तुला दिलं."

"तू काय प्रयोगशाळेतला उंदीर आहेस का गं?" मी ओरडले. बाळ दचकलं. "काही झालं असतं म्हणजे?"

"काही झालं असतं तर तुला दिलं नसतं," आई म्हणाली. इतकं सरळ म्हणाली की जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं.

मी खाली बसले. तिच्यावर रागावायला माझ्याकडे काही उरलं नाही, आणि नुसतं रडणंही येईना. ती आली, बाळाला माझ्या हातातून घेतलं, लंगोट नीट बांधलं आणि मला म्हणाली, "पाज तिला. कधीची थांबलीये."

तिचा व्हिसा संपेपर्यंत तिला दोनदा डॉक्टरकडे नेलं. पाणी बंद झाल्यावर आकडा उतरत गेला. चिपळूणला गेल्यावर भावाने तपासून घेतलं तेव्हा आणखी उतरला होता. तरी दर वेळी तिचा फोन आला की तळहाताची कातडी जाड झालीये का, बोटांना मुंग्या येतात का, असलं काहीबाही मी तिला विचारत बसते आणि ती म्हणते, म्हातारी झाले, मुंग्या येणारच. आमच्या पंपालाही कुलूप लागलं. मेथी, चवळी, अळू, सगळं उपटून सांगितल्याप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत टाकलं. अळूची पानं ताटाएवढी झाली होती. आजोबांनी बाग सोडली नाही. ते मोठ्या कुंड्यांत विकतची माती घालून मुळे लावतात, आणि मी गेले की आईची चौकशी करतात. हाल्डेवर अजून लोक कुत्री फिरवतात. मी त्या वाटेने जात नाही.

डिसेंबरात बाळाचं उष्टावण केलं. आता सहा महिने झाले होते, हेबामेनेच सांगितलं, आता वरणभात चालेल, दोन घोट पाणीही चालेल. नवऱ्याने फोन टेबलावर उभा करून ठेवला. पडद्यावर आई, नऊवारी नेसून बसलेली, मागे भाऊ आणि वहिनी. बाळाला नवं झबलं घातलं होतं. वाटीत भात, वरण, तूप. चांदीच्या पेल्यात किटलीतलं, उकळून गार केलेलं नळाचं पाणी.

भाताचं शीत तिने थुंकून टाकलं, सगळे हसले. मग मी चमच्यात पाणी घेतलं. बाळाने आ केला, आणि माझा हात तिच्याकडे न जाता माझ्याच तोंडाकडे वळला. चमचा मी ओठाला लावला, एक घोट घेतला आणि जिभेवर धरून थांबले.

"अगं, उष्टा चमचा नको म्हणालीये ना हेबामे," नवरा म्हणाला.

पडद्यावरचं हसणं थांबलं होतं. आई फोनच्या अगदी जवळ आली.

"कसं लागतंय?" तिने विचारलं.

"चुन्यासारखं," मी म्हटलं.

"मग दे," आई म्हणाली.